मारुती ८००चं आतलं दार-हँडल पुन्हा पुन्हा का तुटतं? दोष हँडलचा कमी, लॉकचा जास्त

मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, पहिली वॅगन-आर या गाड्या ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांची ही ठरलेली तक्रार: दाराचं आतलं हँडल तुटलं, नवीन बसवलं, वर्ष व्हायच्या आत तेही तुटलं. नीट चौकशी केली तर कळतं की तुटतं ते दर वेळी त्याच दाराचं. बाकीच्या दारांना गाडीबरोबर आलेली मूळ हँडलं अजून तशीच असतात. शेवटची ८०० जानेवारी २०१४मध्ये कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे सगळ्यात तरुण ८००सुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेलेली. प्लास्टिक म्हातारं झालं म्हणून तुटतंय असं असतं, तर चारही दारांची हँडलं मागेपुढे गेली असती. एकाच दाराचं हँडल तीन-तीनदा जातं तेव्हा दुकानदाराला, कंपनीला किंवा ‘आजकालच्या मालाला’ दोष देण्याआधी त्या दाराच्या लॉककडे बघायला हवं.

बहुतेक ठिकाणी ते बघितलं जात नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत हँडल एक-दोन स्क्रूंवर असतं. स्क्रू काढला, हँडल सरकवून बाहेर ओढलं, रॉड सोडवला, नवीन अडकवलं, की झालं. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढावं लागत नाही. पॅड निघत नाही म्हणून लॉक दिसत नाही, आणि लॉक दिसत नाही म्हणून ते कोरडंच राहतं.

हँडल ओढल्यावर आत काय होतं

हँडल एका पिनवर फिरतं. त्याच्या मागच्या शेपटीत बोरूच्या काडीपेक्षा बारीक लोखंडी रॉड अडकवलेला असतो. तो पत्र्याआडून दाराच्या मागच्या कडेपर्यंत, लॉकपर्यंत जातो. लॉकमध्ये मुख्य तुकडे दोन. एक आकडा, जो स्ट्रायकरला, म्हणजे दाराच्या चौकटीवर स्क्रूने बसवलेल्या लोखंडी अडकणीला, मिठी मारतो. दुसरा खटका, जो आकड्याच्या दातात अडकून त्याला सुटू देत नाही. तुम्ही हँडल ओढता तेव्हा फक्त खटका बाजूला सरतो, बाकीचं काम स्प्रिंग आणि दाराच्या रबराचा दाब करतात. लॉक ठीक असेल तर दोन बोटं पुरतात.

वीस वर्षांत या लॉकमधलं ग्रीस सुकतं, त्यात रस्त्याची धूळ मिसळते आणि काळा, चिकट लगदा तयार होतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्प्रिंग आणि खटक्याची पिन गंजते. खटका सरकायला जडावला की तो जोर रॉडवरून मागे येतो आणि साखळीतल्या सगळ्यात कमजोर कडीवर पडतो. रॉड लोखंडी, लॉक लोखंडी, हँडल प्लास्टिकचं. त्यातून गाडी विदर्भात-मराठवाड्यात उघड्यावर उभी राहत असेल तर उन्हाने प्लास्टिकचा लवचिकपणा गेलेला असतो. ते आधी वाकत नाही, सरळ टचकन तुटतं.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नका

तो कुठे तुटलाय यावरून अर्धं निदान होतं.

रॉड जिथे अडकतो ती शेपटी तुटली असेल, तर जवळजवळ नक्कीच लॉक किंवा रॉड जड आहे. पिनच्या दोन्ही बाजूंचे कान तुटले असतील तर जास्तीच्या जोराबरोबर तिरकी ओढही झालेली असते: लोक सीटवरून अंग वळवून हँडल वरच्या दिशेने किंवा स्वतःकडे तिरकं ओढतात. बोटं घालायची कड तुटली असेल तर बहुधा त्या हँडलला धरूनच कोणीतरी दार आत ओढून लावतं. त्यासाठी आर्मरेस्ट किंवा पट्टा दिलेला असतो. हँडल उघडण्यासाठी आहे, लावण्यासाठी नाही, हे मागे बसणाऱ्या पाहुण्यांना दर वेळी कोण सांगणार!

हँडल शाबूत आहे पण लुळं पडलंय, ओढलं तर कसलाच प्रतिकार लागत नाही, असं असेल तर रॉड धरणारी छोटी प्लास्टिकची क्लिप सुटली किंवा तुटली आहे. हँडल बदलू नका, क्लिप बदला. हँडल ओढल्यावर आपोआप मागे जात नसेल तर त्याच्यातली परतीची स्प्रिंग गेली, किंवा रॉड कुठेतरी पत्र्याला घासतोय. आणि हँडलची बैठकच हलत असेल, म्हणजे ओढल्यावर सगळा खोका पुढेमागे सरकत असेल, तर स्क्रू ढिला आहे किंवा त्याचं भोक फाटलंय. ओढीतला अर्धा प्रवास बैठक सरकण्यातच जातो, मग माणूस आणखी जोरात ओढतो.

मागच्या दाराचा प्रश्न असेल तर सगळ्यात आधी चाइल्ड लॉक बघा. दार बाहेरून उघडा, कडेवर लॉकजवळ एक छोटी दांडी असते. ती धुतानापुसताना चुकून सरकते. मग बाहेरून दार उघडतं, आतून कितीही ओढलं तरी नाही, आणि ओढून ओढून हँडल तुटतं. या एका दांडीपायी धडधाकट लॉक बदलले गेलेत.

पॅड उघडण्याआधीच्या चाचण्या

पहिली: दार बाहेरच्या हँडलने उघडून बघा. बाहेरून हलकं आणि आतून जड असेल तर लॉक बरं आहे, दोष आतल्या रॉडमध्ये किंवा हँडलच्या बैठकीत. दोन्हीकडून जड असेल तर लॉक किंवा स्ट्रायकर.

दुसरी चाचणी सगळ्यात उपयोगाची. दार उघडं ठेवा. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीने लॉकमधला आकडा आत दाबा. दोन वेळा ‘खट्’ असा आवाज यायला हवा, पहिला अर्ध्या लॉकचा, दुसरा पूर्ण लॉकचा. आता आतलं हँडल ओढा. (हँडल तुटलं असेल तर रॉडचं टोक पक्कडीत धरून.) दार उघडं असतानाही जड लागलं तर दोष लॉकमध्ये किंवा रॉडमध्ये. उघड्या दारात हलकं आणि बंद दारात जड असेल तर लॉकला दोष नाही: स्ट्रायकर जागेवर नाही, दाराचं रबर फार दाब देतंय किंवा बिजागर झिजल्यामुळे दार खाली बसलंय. चाचणी झाली की हँडलने आकडा सोडवायला विसरू नका. आकडा बंद असताना दार आपटलं तर तो स्ट्रायकरवर आदळतो, आणि मग खर्च हँडलचा राहत नाही.

तिसरी चाचणी दोघांनी करायची. दार बंद करा. एकाने बाहेरून लॉकच्या जवळ तळहाताने दार आत दाबून धरायचं, दुसऱ्याने आतून हँडल ओढायचं. दाबल्याबरोबर हँडल हलकं झालं तर रबराचा दाब खटक्यावर येतोय. नुकतंच नवीन बिडिंग (दाराच्या कडेचं रबर) बसवलेल्या गाड्यांत हे नेहमी सापडतं, कारण बाजारातलं रबर मूळपेक्षा जाड असतं.

चौथी, बिजागराची. दार अर्धं उघडून मागची खालची कड दोन्ही हातांनी वर उचला. टकटक झोल लागला तर बिजागराची पिन झिजलेली. तसं असेल तर दार लावताना लॉक स्ट्रायकरवर चढताना दार किंचित वर उचललेलं डोळ्यांनाही दिसतं. हे डेंटरचं काम, घरी होण्यासारखं नाही. पण ते झाल्याशिवाय नवीन हँडलला पैसे घालू नयेत.

सामान

हँडल घ्यायला जाताना तुटलेला तुकडा बरोबर न्या. डावं-उजवं वेगळं असतं. ८००चं मॉडेल मध्ये अनेकदा बदललं, त्यामुळे फक्त ‘८००चं हँडल द्या’ म्हटलं की चुकीचं हातात येण्याची शक्यता मोठी. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला अशा ठिकाणी या गाड्यांचे भाग अजून मिळतात. भंगारातून काढलेलं जुनं हँडल मात्र घेऊ नका. त्याचं प्लास्टिकही तेवढ्याच वयाचं आणि तेवढंच ऊन खाल्लेलं असतं. धातूचे भाग, म्हणजे लॉक, रॉड, स्ट्रायकर, जुने चालतात.

दुकानात हँडल हातात घेऊन बघायच्या गोष्टी: पिन लोखंडी आहे की प्लास्टिकची, परतीची स्प्रिंग दोन्ही टोकांना नीट बसली आहे का, आणि रॉडच्या शेपटीच्या मुळाशी प्लास्टिक भरीव आहे का. स्वस्त मालात नेमकी तीच जागा पातळ असते. चकचकीत क्रोमचा मुलामा ताकद वाढवत नाही.

हँडलबरोबर रॉडच्या दोन क्लिपा आणि पॅडच्या सहा-आठ क्लिपा घ्याच. हे किरकोळ सामान आहे, पण नसलं तर काम अडतं आणि मग तारेने बांधाबांध सुरू होते. याशिवाय दोन नंबरचा आणि तीन नंबरचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर, जुन्या बनियनची दोन बोटं रुंद पट्टी, जुना टूथब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. टॉर्च लागतोच.

तुटलेलं हँडल अराल्डाइटने किंवा एम-सीलने जोडायचा मोह होतो. पिनचे कान आणि शेपटी या जागा इतक्या बारीक असतात की डिंकाला धरायला पृष्ठभागच मिळत नाही, आणि नेमका त्याच रेघेवर सगळा जोर येतो. दुकान उघडेपर्यंतची सोय म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

पॅड काढणं

काच पूर्ण वर करा. काच-हँडल कोणत्या दिशेला उभं आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. गाडीत नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग किंवा पॉवर विंडो असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा.

काच-हँडलमागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. हँडल आणि त्यामागच्या प्लास्टिकच्या चकतीमध्ये बनियनची पट्टी घाला, दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश केल्यासारखी इकडून तिकडे ओढा. पट्टी क्लिपच्या टोकाला अडकते आणि क्लिप बाहेर उडी मारते. ‘उडी मारते’ हे शब्दशः घ्या: दुसऱ्या माणसाने पुढे फडकं धरावं, नाहीतर ती सीटखाली जाते. स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडून क्लिप काढता येते, पण रेग्झिनवर कायमची खूण राहते.

मग आर्मरेस्टचे स्क्रू. ते कधी प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेले असतात. मग हँडलच्या खोक्याचा स्क्रू, मग हँडल सरकवून बाहेर. रॉडची क्लिप ओढून काढायची नसते. तिचा चाप रॉडवरून बाजूला फिरवायचा, की रॉड आपोआप मोकळा होतो. ओढाल तर क्लिप तुटेल. जुनी असेल तर फिरवतानाही तुटते, म्हणून नवीन जवळ ठेवायची. लॉकची खुंटी खिडकीच्या कडेवर असलेल्या गाड्यांत तीही फिरवून काढावी लागते, नाहीतर पॅड वर अडकतं.

पॅड म्हणजे रेग्झिन चढवलेला दाबीव पुठ्ठा. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. चपटा स्क्रू ड्रायव्हर अगदी क्लिपच्या गळ्याशी घालून उचका. क्लिपपासून चार बोटं लांब धरून ओढलं तर क्लिप पत्र्यात राहते आणि पुठ्ठ्याचं भोक फाटतं. पावसाळ्यात भिजून फुगलेला पुठ्ठा तर पापडासारखा सुटतो. फाटलेल्या भोकाला मागून पातळ प्लास्टिकचा चौकोनी तुकडा रबरी सोल्यूशनने चिकटवा आणि त्याला नवीन भोक पाडा. साधा पांढरा गोंद इथे टिकत नाही, दार आतून ओलं होतंच.

पॅडमागे पॉलिथिनचा कागद असतो. तो फाडू नका. दाराच्या आत पाणी येणं हा बिघाड नाही. काचेच्या फटीतून पाऊस आत येतो, पत्र्यावरून ओघळतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जातो. हा कागद ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेत आत खोचलेली असते. घाईत तो फाडून टाकला की पहिल्याच पावसाळ्यात पॅड फुगतं, पायाखालचं मॅट ओलं होतं, गाडीला कुबट वास येतो आणि लोक पाणी छतातून येतंय का ते शोधत बसतात. कागदाची एक बाजू सोडवून वळवून ठेवली की लॉकपर्यंत हात जातो. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

लॉकची दुरुस्ती, म्हणजे मुख्य काम

रॉड सोडवलेला असतानाच लॉकवरची त्याची पट्टी बोटाने हलवा. आकडा आधी स्क्रू ड्रायव्हरने बंद करून घ्या, म्हणजे खरा जोर कळेल. पट्टी हलकी चालली आणि चटकन मागे आली तर लॉक ठीक, रॉडचा मार्ग तपासा. जड चालली तर पुढे वाचा.

लॉक काढण्याची घाई नको. दहातल्या आठ वेळा जागेवरच साफ होतं. दाराच्या कडेकडून आकड्याच्या फटीत आणि आतून पट्टीच्या पिनवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. दहा मिनिटं थांबा. मग आकडा बंद करा, पट्टीने सोडवा, पुन्हा बंद करा, असं वीस-तीस वेळा. काळा लगदा बाहेर येऊ लागतो. टूथब्रशने आणि फडक्याने पुसा, पुन्हा स्प्रे, पुन्हा तीच कसरत. बाहेर ओघळणारा स्प्रे स्वच्छ दिसेपर्यंत.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि तिथेच चूक होते. स्प्रे हे धुण्याचं औषध आहे, तो उडून जातो. त्याने जुनं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढलेलं असतं. दोन महिने लॉक लोण्यासारखं चालतं आणि मग पहिल्यापेक्षा कोरडं होतं. म्हणून पुसून वाळल्यावर पांढरं लिथियम ग्रीस आकड्याच्या दातांवर, खटक्याच्या टेकणीवर आणि पट्टीच्या पिनवर लावायचं. वाटाण्याएवढं एकूण पुरतं.

डिझेलने धुणं हा गॅरेजमधला जुना प्रकार. घाण निघते, पण मागे राहिलेला तेलकट थर धूळ ओढून घेतो. पेट्रोल तर बंद दाराच्या पोकळीत वापरूच नये.

इतकं करूनही खटका अडखळत असेल तर लॉक बाहेर काढावं लागेल. दाराच्या कडेला तीन मोठे फुलीचे स्क्रू असतात. त्यांची फुली खोल असते. दोन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो, पण घसरतो आणि फुली गोल करून टाकतो. तीन नंबरचाच घ्या, टोक फुलीत बसवून मागून हातोडीचा एक ठोका द्या, मग अंगाचा भार देऊन फिरवा. ठोक्याने गंजाची पकड सुटते. एकदा फुली गेली की ड्रिल करण्यावाचून मार्ग नसतो. लॉक हातात आल्यावर खटक्याचा दात बघा. त्याची कड गोल झाली असेल तर ग्रीसने काही होणार नाही, लॉकच बदला. असा झिजलेला दात कधी जड सुटतो, तर कधी खड्ड्यात आपोआप सुटतो. ही दुसरी शक्यता जास्त वाईट.

रॉडचा मार्गही बघून घ्या. पत्र्यातून जातो तिथे प्लास्टिकची मार्गदर्शक क्लिप असते. ती पडली असेल तर रॉड पत्र्यावर घासतो, खरखर ऐकू येते. काच वरखाली करून ती रॉडला लागत नाही ना हेही आत्ताच बघा.

हँडल बसवणं आणि ‘मोकळा खेळ’

नवीन हँडल बसवताना दाराचं भवितव्य एका गोष्टीवर ठरतं: हँडल ओढायला सुरुवात केल्यापासून रॉड खटक्याला धक्का देईपर्यंत किती मोकळं जातं. रॉडच्या टोकाला साधारण एक ते दोन मिलिमीटर खेळ हवा. खेळ शून्य असेल तर खटका कायम किंचित उचललेला राहतो, दार अर्ध्या लॉकवरच थांबतं किंवा चालत्या गाडीत उघडू शकतं. खेळ जास्त असेल तर हँडल पार शेवटपर्यंत ओढल्यावर कुठे खटका सुटतो. तिथे हँडल त्याच्या अडणीवर टेकतं आणि पुढचा सगळा जोर थेट प्लास्टिकवर पडतो. नवीन हँडल काही महिन्यांत तुटण्याचं हे दुसरं मोठं कारण. लॉक साफ करूनही तुटलं, असं कोणी म्हणालं की हेच तपासायचं.

काही हँडलांच्या बैठकीतलं स्क्रूचं भोक लांबट असतं. स्क्रू अर्धवट आवळून बैठक पुढेमागे सरकवा. आकडा स्क्रू ड्रायव्हरने बंद करा, हँडल सावकाश ओढा. प्रवासाच्या मध्याच्या आसपास आकडा सुटला पाहिजे, आणि सोडल्यावर हँडल खोक्यात सपाट बसलं पाहिजे. जमलं की स्क्रू आवळा, पण प्लास्टिक दबेपर्यंत नाही. भोक लांबट नसेल तर रॉडला जिथे कोपरा दिलाय तो पक्कडीने किंचित उघडला की रॉड लांबतो, दाबला की आखूड होतो. एका वेळी केसभरच.

रॉड क्लिपशिवाय बाइंडिंग वायरने बांधलेला अनेक गाड्यांत सापडतो. तार खेळ खाते, ढिली होते आणि शेपटीवर करवतीसारखी घासत राहते. ती दिसली की पहिल्यांदा कापून टाका.

स्ट्रायकर

उघड्या दारात हलकं, बंद दारात जड, असा निकाल आला असेल तरच याला हात लावा. स्ट्रायकरभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे बिघडलं तर परत मूळ जागी आणता येईल. दोन्ही स्क्रू थोडेच ढिले करा, इतके की लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने तो सरकेल. रबराचा दाब जास्त असेल तर बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटर. दार वर उचललं जात असेल आणि बिजागर ठीक असेल तर खाली. स्ट्रायकरवरची चकाकी बघा, ज्या बाजूला जास्त घासलंय तिकडून लॉक चुकीचं येतंय. एका वेळी एकाच दिशेला सरकवायचं आणि दर वेळी दार लावून बघायचं. फार बाहेर गेला तर दार पत्र्याच्या रेषेबाहेर दिसतं, वेगात वाऱ्याची शिट्टी वाजते आणि पाणी आत येतं.

पॅड परत लावण्याआधी

दार उघडं ठेवूनच, आकडा हाताने बंद करत, आतलं हँडल, बाहेरचं हँडल, लॉकची खुंटी आणि किल्ली प्रत्येकी दहा वेळा चालवा. त्यानंतरच दार बंद करून पुन्हा तेच. हा क्रम उलटा केला आणि रॉड सुटला, तर दार बंद आणि उघडायला काही नाही, अशी पंचाईत होते.

तसं झालंच, किंवा गाडी त्याच अवस्थेत तुमच्याकडे आली, तर घाबरू नका. हँडलचा स्क्रू बंद दारातही हाताला येतो. हँडल बाहेर काढा, रॉड पक्कडीत धरून हँडल ज्या दिशेला ओढत असे त्या दिशेला ओढा, दुसऱ्याने त्याच वेळी बाहेरून दार आत दाबून धरावं. बहुतेक वेळा उघडतं. रॉडच लॉककडून सुटला असेल तर सीट मागे घेऊन बंद दारातच पॅड काढावं लागतं. त्यात एखादी क्लिप आणि थोडा पुठ्ठा जाईल, हे धरून चाला.

पॅड लावताना खालची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा. कागद टेपने चारही बाजूंनी चिकटवा, खालची कड खाचेत आत. काच-हँडलची क्लिप आधी हँडलमध्ये बसवा, मग फोटोतल्या दिशेला हँडल दांड्यावर ठेवून तळहाताने ठोका. क्लिप दांड्यावर आधी ठेवून वरून हँडल दाबायचा प्रयत्न कधीच जमत नाही.

काम झाल्यावर काही दिवसांनी एक वेगळीच तक्रार येऊ शकते. दार सकाळी नीट लागत नाही, आपटल्यावरही अर्ध्या लॉकवर थांबतं, दुपारी मात्र ठीक. नाशिककडे किंवा घाटमाथ्यावर डिसेंबर-जानेवारीत हे जास्त दिसतं. कारण बहुधा ग्रीस: वाटाण्याऐवजी लिंबाएवढं भरलेलं, किंवा लिथियमऐवजी चासीचं जाड ग्रीस. थंडीत ते घट्ट होतं आणि खटका वेळेवर परत येत नाही. लॉक खोलायची गरज नाही. आकड्याच्या फटीत थोडा स्प्रे मारा, जास्तीचं पुसून काढा, आकडा दहा-बारा वेळा चालवा आणि दोन्ही ‘खट्’ वेगवेगळे ऐकू येतात का बघा.